गाण्यातली मुलगी

प्रिय सँड्रा,

फोनवर रुसलीस ते बरोबरच. भावाचं प्रेमप्रकरण बहिणीला गाण्याच्या व्हिडिओतून कळावं म्हणजे हद्दच झाली. पण बाई, प्रकरणच नाही! आमच्या बँडच्या नव्या गाण्यात जी मला सोडून जाते, तशी मुलगी भुईगावात नाही, की अख्ख्या वसईत नाही.

आता हे आईला कसं सांगू? आमच्या ड्रमवाल्या जितेशने तिला गाणं मोबाइलवर ऐकवलं. गोंगाटाला कंटाळून उठेल असं वाटलं होतं, तर तिने तीनदा ऐकलं. मग डोळे पुसून विचारलं, कोनाची हाय ती पोरगी, नुसतं नाव सांग. तेव्हापासून तिने नऊ बुधवारांच्या प्रार्थनेचा नोव्हेना धरलाय, ती परत यावी म्हणून. आणि पप्पा गेल्यापासून दोन घास कसेबसे गिळणारी आई आता नीट जेवते. पोराच्या काळजाला काहीतरी लागलं, म्हणते. तिला वाटत होतं मी दगड झालोय.

मलाही तेच वाटत होतं. पप्पांच्या मातीच्या दिवशी तू तिकडे अडकलेली आणि मी इथे लोकांना चहा मिळाला का ते बघत फिरत होतो. डोळ्यांत टिपूस नाही. एडवर्ड अंकल म्हणाले, पोरगा खंबीर आहे. खंबीर कसला? केळीच्या वाडीत पप्पांचे गमबूट तसेच उभे होते, आणि ते बघताना मला चक्क भूक लागली होती. असं होतं का गं माणसाला? स्टेजवर मात्र मी घसा फाडून ओरडतो, 'आतून सुन्न, वरून आवाज', आणि पोरं बेभान नाचतात. गाणं संपलं की पुन्हा कोरडा ठणठणीत. यातलं खरं कुठलं आणि नाटक कुठलं, मलाच कळत नाही.

हे गाणं मी पप्पांना महिना झाला तेव्हाच्या मिस्सावरून, चर्चमधून घरी आल्यावर लिहिलं. पहिल्या कागदावर सरळ 'पप्पा' असंच होतं. बापासाठी रॉक कोण गातं, पोरं हसतील, म्हणून ते खोडून मी मुलगी केली. आई मेणबत्ती लावून जिला परत मागते, ती मुलगी म्हणजे पप्पा. येत्या बुधवारी नोव्हेना संपतो. त्याच्या आत मी तिला सांगणार आहे. गिटारशिवाय हे तोंडातून निघेल की नाही ठाऊक नाही, म्हणून आधी तुला लिहून बघतोय. सँड्रा, मला पप्पा हवे आहेत.

तुझाच गोंधळलेला,
फर्डिनंड