दगडासमोर चिमी

३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू ताईच्या बाळंतपणाला गेलीस आणि इकडे मी पोटनिवडणुकीला उभी राहिले. खासदार राजीनामा देऊन मोकळे झाले. इथे त्यांच्या पक्षाने दगड उभा केला तरी निवडून येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण दात काढून झाला की माझा प्रत्येक पेशंट विचारतो, दरवेळी दगडालाच का मत द्यायचं?

दादा मात्र फुरंगटलाय. इतकी वर्षं त्या पक्षाचा कार्यकर्ता आणि समोर सख्खी बहीण. आपल्या सलूनच्या काचेवर त्यांचं पोस्टर लावलंय आणि माझ्याशी बोलणं टाकलंय. काय करू, कळव. बाळाला पापा.

तुझी, हरायला निघालेली,
चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ताई इतकी हसली की बाळ जागं झालं. तू दादाला पक्ष सोड म्हणू नकोस. त्यानेही तुला माघार घे म्हणू नये, असं त्याला लिहिलंय. चहात साखर किती यावर तुझ्या बाबांचं नि माझं कधी एकमत झालं नाही, तरी संसार झालाच. दारोदार फिरताना जेवत जा.

माझी माया मतांवर अवलंबून नाही.

तुझी आई

२६ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हरले. पण त्यांचं मताधिक्य निम्म्यावर आलं.

खरी बातमी वेगळीच आहे. मोजणीच्या टेबलाशी दादा त्यांचा प्रतिनिधी होता. माझ्या टपाली मतांचा एक गठ्ठा चुकून त्यांच्या ढिगात गेला. माझा माणूस नेमका चहाला गेलेला. दादानेच हात वर केला आणि अधिकाऱ्यांना सांगितलं, हा गठ्ठा माझ्या बहिणीचा आहे. त्याच्या पुढाऱ्यांनी डोळे वटारले, तर त्यांना म्हणाला, जिंकतोच आहोत, मग दुसऱ्याच्या ताटातलं कशाला? हरल्याचं रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

बाकी भेटीत.

तुझी चिमी

२७ मार्च

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

चिमी बरी आहे. महिनाभर धड जेवली नाही, गालफडं बसलीत. म्हणून काल मोजणीवरून तिला थेट घरी आणलं. आमच्या मिरवणुकीला गेलो नाही. पुढारी रागावलेत. रागावू देत, दाढीला माझ्याकडेच येतात.

दोघांवर सारखाच लोभ असू दे.

तुझा थोरला

ता. क. पानावर बसल्यावर तिला स्वच्छ सांगितलं, मत मी माझ्या पक्षालाच दिलं. ती म्हणाली, ते माहीत आहे, आधी वाढ.