सातवी बाटली

दि. ११ मार्च, बुधवार

चि. ताई,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे ठीक. तुझ्या आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. तुझी खुशाली तुम्हा दोघींच्या फोनवरून कानावर येते. मी शेजारच्या खोलीतच असतो.

पाणबुडीच्या हवेच्या यंत्रणेत मी स्वतःच्या हातांनी काय काय केले ते आधी लिहितो. तांब्याचे वॉशर अठ्ठेचाळीस (केले एक्कावन्न, तीन बिघडले). झडपांचे दांडे नऊ, सगळे लेथवर. कप्प्याच्या भिंतीमागे एक नट लपला आहे, त्याच्यासाठी वाकड्या मानेचा पाना एक. तसला बाजारात मिळत नाही, मी तीन दिवस फिरलो. दाबमापकाच्या काचा दोन. शिवाय बेचाळीस मीटर नळ्या सुट्या केल्या, आतून घासल्या, वाळवल्या आणि परत जोडल्या, तेही अशा जागेत की कूस बदलायची तर आधी बाहेर यावे लागते. कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता. हा तुला टोमणा नाही. म्हणजे पत्र सुरू केले तेव्हा होता, आता नाही.

पाणबुडीचे संग्रहालय करणाऱ्यांचा हट्ट तुला माहीत आहे. उद्घाटनाला बोटीचा भोंगा बोटीच्याच हवेवर वाजला पाहिजे. बोट पाण्यात होती तेव्हा त्या सात बाटल्यांत दोनशे किलोचा दाब असायचा. भोंग्याला तीस पुरतो. बाटल्या म्हणतात खरे, पण एकेक माणसाएवढी लांब आणि जाड पोलादाची. तुला काय सांगायचे, तू त्यांच्याखाली आडवी होऊन आलीस.

तो जुलै महिना. तू जाडी मोजायचे यंत्र आणलेस, दोन तास खाली पडून राहिलीस आणि काळ्या कोपरांनी बाहेर आलीस. म्हणालीस, “बाबा, सातवी खालून गेली आहे. चौदा मिलिमीटरच्या जागी दोन उरलेत.”

मी हातोडीने टक टक केले. “ऐक, घंटेसारखी वाजते. पोलाद शाबूत आहे. तुझ्या डबीला कान आहेत का?”

वेल्डर हसला. खलाशीकाका हसले नाहीत. त्यांनी याच बोटीवर अकरा वर्षे हवेची यंत्रणा सांभाळली, आता निवृत्त होऊन आमच्यात फुकट येऊन बसतात. तू बाटलीवर खडूने फुली मारलीस आणि शिडी चढून गेलीस. त्यानंतर तू बोटीवर आली नाहीस आणि घरीही नाही.

मी हातोडी वरून मारत होतो. हात तिथेच पोचतो. हवेतले पाणी मात्र तळाशी साचते आणि गंज तिथून खातो. एवढी साधी गोष्ट, आणि तीस वर्षे मी माझ्या कानाची फुशारकी मारत आलो.

परवा दाबाची चाचणी होती. मला थेट हवा भरायची होती. चार महिने वाळवलेल्या यंत्रणेत पाणी घालायचे माझ्या जिवावर आले होते. खलाशीकाका चहाचा पेला घेऊन नेहमीच्या स्टुलावर बसले. ते स्टूल सातवीपासून तीन फुटांवर असते.

“आमच्यात आधी पाणी भरत,” ते म्हणाले.

“काका, आतून गंज चढेल.”

“चढू दे. नाहीतर तुझ्या बायकोला काय सांगायचे ते आत्ताच लिहून दे, ऐनवेळी मला सुचायचे नाही.”

“आणि तुम्ही वाचलात हे कशावरून?”

“मग दोन कागद लिही.”

एवढ्या बोलण्यावर मी पाणी भरले, रागारागात. दाब पंचेचाळीसपर्यंत न्यायचा होता. अडतीसला काटा एकदम खाली पडला. आवाज फारसा नाही, ओले फडके फाटावे तसा. सातवी तळाला वीतभर उकलली होती. काकांची चप्पल भिजली, बाकी काही नाही. पाणी दाबले तरी आकसत नाही, म्हणून बाटली फुटली तरी ते उसळत नाही. हवा असती तर बाटलीचे तुकडे काकांच्या अंगावर आले असते. ते नुसते म्हणाले, “पोरगी बरोबर होती तुझी.” मग चहा संपवला.

आता जे लिहायचे टाळत इथवर आलो ते.

जुलैत तू शिडी चढून गेलीस त्याच संध्याकाळी मी तुझी फुली पुसली. तेवढ्यावर थांबलो असतो तर माफी मागून मोकळा झालो असतो. पण संग्रहालयाच्या ऑफिसला नोंदवहीत पदवीधर इंजिनियरची तपासणी हवी होती. मी लिहिले, “सातही बाटल्या यंत्राने तपासल्या, ठीक,” आणि पुढे तुझे नाव घातले. सही केली नाही, फक्त नाव घातले. हा फरक मी आठ महिने स्वतःलाच समजावत होतो. काकांना काही झाले असते तर चौकशी तुझ्या दाराशी आली असती. दाबाच्या टाक्या तपासणारी इंजिनियर म्हणून तू जे कमावलेस ते माझ्या एका ओळीने गेले असते.

काल ऑफिसात जाऊन त्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली. खाली तुझे खरे आकडे लिहिले, खोटी नोंद कोणी केली ते लिहिले आणि तारखेसह माझी सही केली. काका साक्षीला होते. व्यवस्थापक म्हणाले, “अहो, कोण वाचतंय ते?” काका म्हणाले, “मी वाचतो.” काम आता बंद आहे. उरलेल्या सहा बाटल्या बाहेरचा कोणी तपासेल, मी नाही.

तू घरी यावेस असे मी म्हणत नाही. तो हक्क सध्या माझ्याकडे नाही. आईशी बोलताना फोन मला द्यायला सांगितलास तर मी शेजारच्या खोलीत असतो.

न विचारता तुझे नाव वापरणारा,
बाबा

ता. क. आईकडून कळेलच, तेव्हा मीच सांगतो. लाल शाईचे पान फाडून जुनी नोंद तशीच ठेवायची, सातवी गुपचूप काढून सहांवर भोंगा वाजवायचा, आणि पुढची तीन वर्षे बोटीची सगळी देखभाल माझ्याकडे, पाटीवर माझे नाव, असे व्यवस्थापकांनी सुचवले होते. मी नाही म्हणालो. त्या देखभालीची रक्कम चार लाख ऐंशी हजार होती.