स्पीकर बसका, हेडफोन बरा

७ मार्च
शिवशंकरनं हिंगोलीहून टीव्हीखाली ठेवायचा स्पीकर आनला. लांबका, काळा. म्हनला, माय, आता घरातच टाकीज. सिनेमा लावला. गाडी उडाली तवा छाती हादरली, ते खरं. पन मानसं बोलाय लागली की जनू गोधडीत तोंड घालून बोलून राहिलेत. मी तवाच सांगितलं, स्पीकर बसका हाय. बाकीच्यांला बराबर वाटला. त्यांला काय कळतं.

मी चौथी शिकले, पन कानाची शाळा येगळी. सासू गेल्यापासून या घरातलं हळदीचं एक पोतं माझ्या कानाबिगर बाजाराला गेलं न्हाई. हळकुंड मोडायचं. कट्ट वाजलं तर वाळली, न्हाई वाजलं तर वली. सून सत्यशीला या कामावर टपून बसली हाय. बसू दे.

ठरवलं: स्पीकर बदलून आनायचा.

१० मार्च
बदलून आनला. ह्यो मोठा, संगं एक डबाबी हाय, खाली ठेवायचा. दुकानात बराबर वाजत व्हता म्हने. दुकानात सगळंच वाजतं.

रिमोट मी माझ्याकडं घेतला. आवाज शेवटपर्यंत नेला. डब्यातून धडधड येती, बोलनं येत न्हाई. सत्यशीला कानात बोटं घालून सैपाकघरात गेली. म्हैस दावं तोडून राहिली म्हनून शिवशंकर गोठ्याकडं पळाला. पलीकडच्या गल्लीतून रूपाबाई आली, कोनाची वरात हाय इचारत. मी म्हनलं, मोठा आवाज आन् साफ आवाज यात फरक असतो. ती बिनशिकलेली, तिला साउंड क्वालिटी काय सांगनार.

१२ मार्च
उकडलेली हळद अंगनात वाळून राहिली. सत्यशीला सुपात हळकुंडं घिऊन आली. म्हनली, आत्याबाई, हाताला तर खडक लागून राहिली, साल घासायला पॉलिशचा ड्रम बोलवावा का? मी एक मोडलं. आवाज न्हाई. दुसरं मोडलं. न्हाई. वली हाय, म्हनलं, पसरून ठिव. ती काहीतरी पुटपुटली. हिला हल्ली स्पष्ट बोलायची सवयच राहिली न्हाई.

१५ मार्च
नात पुनम कॉलेजातून आली. हेडफोन आनला. दोन वाट्या कानावर ठेवायच्या, वरून पट्टा, वायर न्हाई काही न्हाई. तिनं टीव्हीला जोडून दिला.

काय सांगावं. हिरोइनीच्या बांगड्या वाजल्या. म्हातारा पायरीवर टेकला तवा त्याचा दम ऐकू आला. याला म्हनायचं आवाज. स्पीकरचा आवाज भिंतीला जातो, पत्र्याला जातो, उरला तर मानसाला. हेडफोनचा थेट कानात. निकाल लागला: हेडफोन बरा, स्पीकर बसका, माझा कान एक नंबर.

पुनम म्हनली, आज्जी, तुझ्या कानातला सिनेमा आमाला ओसरीत ऐकू येतो. सत्यशीला म्हनली, मग स्पीकर कशाला पाहिजे, आत्याबाईच्या शेजारी बसून बघू. आन् खरंच दोघी येऊन बसल्या. टवाळी करायची सवय, दुसरं काय.

१८ मार्च
आभाळ आलंय. शिवशंकर तगमग करून राहिला. भिजली तर वर्षाची हळद काळी पडंल, म्हनला. मी पुन्हा हळकुंड मोडलं. मुकं. या वर्षी बेन्यातच खोट असावी.

मग डोकं चालवलं. जे स्पीकरला ऐकू येत न्हाई ते हेडफोनला येतं. हेडफोन लावला, अंगनात गेले, हळकुंड मोडलं. मारामारी ऐकू आली. तलवारी, घोडे, सगळं. हळद तेवढी न्हाई. पुनम पोट धरून हसली. म्हनली, आज्जी, त्यात टीव्हीचाच आवाज येतो, जगाचा न्हाई. मग हे आधी काहून सांगितलं न्हाई?

तिनं हळूच कानाच्या डॉक्टरचं काढलं. मी तिला नीट समजावलं. ज्या बाईला सिनेमातल्या बांगड्या ऐकू येतात, तिचा कान बिघडला कसा? बिघडले ते स्पीकर, या वर्षीची हळद आन् तुझी आई.

ठरवलं: कट्ट वाजल्याबिगर ड्रम येनार न्हाई.

२१ मार्च, दुपार
सत्यशीला हेडफोन घिऊन आली, सोता. म्हनली, आत्याबाई, बसा निवांत, नवीन सिनेमा आलाय. सूनबाईला अक्कल येऊन राहिली. दार वढून घेतलं, ऊन लागतं म्हनून.

२१ मार्च, संध्याकाळ
सिनेमात निम्म्यावर हेडफोन मेला. चार्जिंग संपलं. मी काढून ठेवला. घर शांत. लांब कुठंतरी कोनाचं तरी ट्रॅक्टर चालू व्हतं. पानी प्यावं म्हनून उठले, दार उघडलं.

ट्रॅक्टर आमच्याच अंगनात व्हता. त्याला पॉलिशचा ड्रम लावलेला, लोखंडी जाळीचा, गरागरा फिरून राहिला. आत आमची हळद. सगळं अंगन पिवळं, शिवशंकर पिवळा, पुनम पिवळी. रूपाबाई गल्लीच्या त्या टोकाहून कान झाकून येऊन राहिली.

मी ड्रमाच्या चौकटीला हात लावला. बोटं थरथरली. लोखंडात हळकुंडं आपटून राहिली हे डोळ्यानं दिसत व्हतं.

सत्यशीलानं ड्रम थांबवायला लावला. भ्यायली व्हती. पदराला हात पुसले, एक हळकुंड माझ्या हातात दिलं आन् कानाशी येऊन बोलली, "आत्याबाई, बघा वाजवून. तुमी म्हनल्याबिगर पोती शिवनार न्हाई."

पॉलिश झालेली हळद वाळली का, हे इचारत व्हती. सगळे माझ्याकडं बघत. मी मोडलं. कडक व्हतं, दोन्ही हातानं जोर लावावा लागला. आत पिवळंधमक.

"वाळली," म्हनलं. "पोती शिवा."

कट्ट मात्र ऐकू आलं न्हाई.

नंतर पुनमला एका बाजूला बोलावलं. उद्या हळदीच्या टेम्पोत पुढं बसून हिंगोलीला जाते, म्हनलं, त्या तुझ्या कानाच्या डॉक्टरकडं. रूपाबाईनं इचारलं तर सांगायचं, म्हातारी स्पीकर बदलायला गेली.