अडीच सूत

१० नोव्हेंबर १९९७, सोमवार. केडगाव.

माझ्या हातचं: चौदा फुटी वाऱ्याचा बोगदा, जाड प्लायचा, आतून सात हात घासून वार्निश मारलेला. तोंडाला साडेतीन हजार सरबताच्या नळ्या, एकेक चिकटवून, वारा सरळ यावा म्हणून. साखर कारखान्याच्या भंगारातला पंखा, पाती पुन्हा तासून. वाऱ्याची ओढ मोजायचा काटा, सोनाराच्या तराजूवरून केलेला, अर्ध्या ग्रॅमला हलतो. विमानाचे दोन पंख, सागवानी; एक साध्या टोकाचा, एक टोकाशी वर वळवलेल्या पात्याचा. तसली पाती बारा प्रकारची. रिपोर्टात त्यांना विंगलेट म्हणतात, आमच्या घरात कान. चारशे सोळा रीडिंग. लाईट डीम असताना घेतलेली मीच खोडली, ती यात धरलेली नाहीत.

लिहून ठेवतोय कारण आज म.चा रिपोर्ट आला. मधुकर, सख्खा साडू, इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर. चौऱ्याऐंशी पानं, निळं बाइंडिंग. जुन्या प्रवासी विमानांना विंगलेट बसवण्याचा खर्च आणि त्यातून होणारी इंधनाची बचत. आभारांच्या पानावर प्राचार्य, टायपिस्ट, आई-वडील, बायको नलू. मी नाही. बोगद्याबद्दल दोन शब्द: 'स्थानिक सुविधा'.

तीनदा चाळला. सौ. म्हणाली, "काय शोधताय?" म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

११ नोव्हें.

फौंड्रीचं पंपाचं पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना, आज द्यायचं होतं. दिलं. पण कामात मन नाही.

दोन वर्षांपूर्वी म. स्वतः आला होता. मुंबईच्या एका विमान कंपनीकडे सहा जुनी विमानं. अमेरिकेतून कान आणून बसवावेत का, हे त्यांना स्वस्तात तपासून हवं होतं. "साडूभाऊ, तुमच्याइतकं अचूक लाकूड आमच्या अख्ख्या वर्कशॉपात कुणी कापत नाही." मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या माणसाला असं कुणी म्हटलं की काय होतं, ते मला आता कळतंय. आणि "दोघांची नावं टाकू", हेही तोच म्हणाला. नलू समोर होती. सौ. चहा गाळत होती.

शेजारचा बबन वेल्डिंगवाला गेटात: "मिस्त्री, तुमचं इमान उडालं का न्हाई?"
"उडालं."
"मंग तुमी हितंच कसं?"
हसला तो. मीही हसलो, दुसरं काय करणार.

१३ नोव्हें.

डिक्शनरी घेऊन रिपोर्ट ओळीने वाचतोय. खरं सांगायचं तर चुका काढायला बसलोय.

हिशेब असा: कानांची किंमत. ते बसवायला विमान हँगरात उभं राहील ते दिवस. कानांचं वजन. पंखाच्या मुळाशी आतून द्यावा लागणारा जादा आधार, त्याचं वजन वेगळं. (हे मी सांगितलेलं. टोकाला ओझं धरलं की खांदा दुखतो, एवढं समजायला एम.ई. लागत नाही.) दुसऱ्या पारड्यात एकच गोष्ट, वाचणारं इंधन. सव्वाचार टक्के. साडेतीन वर्षांत खर्च वसूल.

सव्वाचार जरा जास्तच वाटतंय. कान विकणारेसुद्धा इतकं छातीठोक सांगत नाहीत, असं म.च एकदा म्हणाला होता. मार्चमध्ये हा आकडा निघाला तेव्हा मी पेढे आणले होते.

१५ नोव्हें., शनिवार.

दोन्ही पंख खुंटीवरून काढले. म.ने कुठे माती खाल्लीय ते शोधायला.

साधा पंख चोवीस इंच. बरोबर.
कानाचा पंख, कान सोडून, चोवीस इंच अडीच सूत.

पुन्हा मोजला. उलट्या बाजूने मोजला. बबनकडून त्याची पट्टी आणून मोजला. अडीच सूत.

स्टुलावर बसून राहिलो. सौ. जेवायला बोलवायला आली.
"अडीच सूत म्हणजे केवढं?"
अंगठ्याच्या नखावर दाखवलं, निम्मं नख.
"एवढ्यासाठी जेवायचं थांबलात?"

तिला सांगितलं. ओतलेलं ॲल्युमिनियम निवताना आकसतं. म्हणून पॅटर्न करताना आम्ही वाढीव पट्टी वापरतो, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सव्वा सूत मोठा. दोन फुटाला अडीच. पण हा पंख ओतायचा नव्हता, लाकडाचाच राहायचा होता. फेब्रुवारीत फौंड्रीची घाई होती, बाकावर तीच पट्टी पडलेली. पंखाच्या आकाराचे फर्मे म.ने दिलेले, ते दोन्हींना सारखेच. लांबीची खूण तेवढी माझी. आणि पंख लांब झाला की ओढ तशीही कमी होते, कान असो नसो.

"म्हणजे चूक तुमची," ती म्हणाली.

बावीस वर्षांत फौंड्रीतून माझं एक पॅटर्न परत आलेलं नाही.

१६ नोव्हें., रविवार.

मुळाकडून अडीच सूत कापला. करवतीने नाही, रंधून. कान तोच, वारा तोच, लाईट दिवसभर चांगली. बारा रीडिंग. आकडा आधीसारखाच यावा या आशेने काटाही एकदा तपासला. काटा बरोबर आहे.

बचत अडीच टक्के, वर थोडं. वजनं, हँगरचे दिवस धरून पुन्हा मांडलं: खर्च वसूल व्हायला सात वर्षं. म.च्याच रिपोर्टात पान नऊवर आहे, ही विमानं आणखी सहा वर्षं उडायची. छोट्या फेऱ्यांत तर अर्धा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, तिथे एवढंही सुटणार नाही.

म्हणजे त्यांनी कान घेऊ नयेत. एक डिसेंबरला त्यांची बैठक आहे.

एक विचार आला, तोही लिहितो. रिपोर्टात माझं नावच नाही. म्हणजे चूकही माझी नाही.

१७ नोव्हें.

संध्याकाळी सायकलने सावेडीला गेलो. नलूने दिवाळीतल्या उरलेल्या शंकरपाळ्या पुढे ठेवल्या. मी नव्या रीडिंगचा कागद म.पुढे ठेवला. मनात होतं, आधी माझी चूक कबूल करायची आणि मग नावाचं विचारायचं.

त्याने कागद उचललाही नाही. "माहीत आहे मला."
"काय माहीत आहे?"
"एप्रिलमध्ये मोजला होता मी. तुम्ही फौंड्रीत गेला होतात."
"मग बोलला का नाहीत?"
"तुम्हाला लागलं असतं. आणि पुन्हा सगळं करायला वेळ कुठे होता? नाव त्यामुळेच गाळलं, साडूभाऊ. उद्या कुणी विचारलं पंख कुणी केला, तर तुमच्यावर यायला नको. तुमच्यासाठीच केलं."
नलू: "दाजी, घ्या ना अजून. काहीच घेतलं नाहीत."

परतताना चितळे रोड येईपर्यंत मी त्याच्यावर विश्वास ठेवला. अगदी वाईटही वाटलं, उगीच त्याच्यावर संशय घेतला म्हणून. मग आठवलं. एप्रिलमध्ये त्याला कळलं. मे महिन्यात त्याने माझ्याकडून आणखी तीन कान करून घेतले, त्याच पंखावर लावले, आणि रीडिंगच्या वहीत प्रत्येकापुढे 'उत्तम' लिहिलं. स्वतःच्या अक्षरात. मी ते सौ.ला दाखवलं होतं.

सायकल हातात धरून चालत आलो.

२० नोव्हें.

नलू दुपारी येऊन गेली, मी शेडमध्ये असताना. रिपोर्ट पास झाला तर म.ला कंपनीत सल्लागार घेणार आहेत, मुंबईला क्वार्टर. हे मला सौ.कडून कळलं.
"मला एकच बहीण आहे," सौ. म्हणाली.
"मला कुठे दहा साडू आहेत."
"अर्ध्या नखासाठी तुम्ही..." पोळ्या करपल्या.

तिला वाटतं मी नावासाठी करतोय. तसं नाही असं म्हणणार होतो, पण ते खरं किती ते मलाच...

२२ नोव्हें.

कंपनीला पत्र लिहायला घेतलं. चार कागद फाडले. आकडे नीट उतरतात. अडतो तो एकाच वाक्याशी: पंख मी केला, आणि तो चुकीच्या पट्टीने केला. सही करायची तर हे वाक्य ठेवावंच लागतं. त्यांच्याकडे माझं नाव पहिल्यांदा जाणार ते या वाक्यात.

बबनला वाचून दाखवलं. म्हणाला, "मिस्त्री, सोताच सोताला कशाला पकडून देता? लई शानं व्हायचं न्हाई बगा."

२६ नोव्हें., बुधवार.

पत्र आज केडगाव पोस्टातून रजिस्टर केलं. वाक्य ठेवलंय. सोबत रीडिंगची नक्कल. सोमवारच्या आत पोचेल. उघडून वाचेल कोण, माहीत नाही. पाठवणाऱ्याच्या नावापुढे डिग्री नाही. सौ. कालपासून बोलत नाही, ताट मात्र वाढते.

काल म. आला होता, ते लिहायचं राहिलं. पत्राचं त्याला घरातूनच कळलेलं दिसतं. शेडमध्ये बोगद्यावर हात ठेवून उभा राहिला, माझी परवानगी न घेता. रिपोर्ट पुन्हा बांधून घेतो म्हणाला, अजून वेळ आहे. मी पत्र धाडायचं नाही, आणि रीडिंगची मूळ वही त्याला द्यायची. त्याच्या बदल्यात मुखपृष्ठावर माझं नाव, खाली नाही, आत नाही, त्याच्या शेजारी, त्याच मापाच्या अक्षरात. कसं दिसेल ते त्याने टाइप करूनच आणलं होतं. चांगलं दिसत होतं. मी बराच वेळ पाहिलं, मग कागद परत दिला आणि नाही म्हणालो. तेव्हा त्याने पाकीटही काढलं. तेही नाही म्हणालो. पुढेमागे कुणी कमी-जास्त सांगू नये म्हणून आकडा लिहून ठेवतो: चाळीस हजार रुपये, रोख.