टिटवीने राखलेलं गवत

मॉन्टेव्हिडिओ, ऑक्टोबर

लाडक्या आईला, तुझ्या एबरची लांबूनच घट्ट मिठी.

काय मजा झाली सांगू! मी माळीकाम करतो त्या बागेतलं निम्मं गवत यंदा न कापता वाढू द्यायचं ठरलंय. त्यामुळे समोरची ओफेलियाबाई रोज काखेत थर्मास मारून यायची आणि टोमणा हाणायची, "झोप झाली का, साहेब? इथे रान माजलंय!"

आज उरलेलं निम्मं कापायला निघालो, तर तळ्याकाठी टिटवी जीव तोडून ओरडायला लागली. अंडी तिथेच असणार म्हणून मी तिथे दोरी बांधली आणि पार दुसऱ्या टोकाला यंत्र सुरू केलं. बाई धावत आडवी आली. "अरे, टिटवी ओरडते तिथे अंडी असतात का कधी? फसवायला लांब जाऊन ओरडते ती! खेड्यातला ना तू?"

चाकापुढेच चार अंडी होती, आई! आता बाई तिथेच खुर्ची टाकून बसलीये. म्हणते, "एक काडी कापून दाखव!"

कामाचे तास थोडे कमी झालेत, पण माझं मस्त चाललंय.

तुझ्या पत्रात नुसतं कोंबड्यांचं कौतुक, दुखऱ्या गुडघ्याबद्दल एक अक्षर नाही. टिटवीची खोड आता मला कळलीये. खरं काय ते लिही.

तुझाच,
एबर