आत येणारं दार

३ मार्च
आज भौतिकशास्त्राच्या तासाला बाईंनी मलाच, प्रयोगशाळेच्या शिपाईणीला, पुढे ओढलं. "प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसून पुसून हिचे दंड बघा कसे झालेत!" पोरं खिदळली. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसरीकडे बाई. दोघींनी जीव खाऊन ढकललं. टेबल जागचं हललं नाही. मी घामाघूम — आणि बाई फळ्यावर लिहितात, कार्य शून्य!
शून्य? मग माझे खांदे दुखले ते काय फुकट?
"दुखणं तुझ्या अंगातलं. टेबल सरकलं का? नाही ना. मग टेबलावर कार्य शून्य."
घरी धाकट्या भावाला सांगितलं. म्हणाला, "कार्य म्हणजे लग्नकार्य, एवढंच मला ठाऊक." कारखान्याने कामावरून काढल्यापासून पहिल्यांदा हसला.

५ मार्च
आज डोकंच फिरलं. दोन्हीकडून सारखा जोर, तरी टेबल सरकत राहतं म्हणे — एकाच वेगाने, एकदा कुणी हलवून दिलं की. मग कार्य दोघांचंही होतं. ज्याच्या जोराच्या दिशेने सरकतं त्याचं धन, दुसऱ्याचं ऋण. बेरीज शून्यच! मला काही पटेना. बाई म्हणाल्या, "पटेल गं. घाई काय आहे?"

६ मार्च
कारखान्यासमोर दगडफेक. धाकटा आला तो शर्ट फाटलेला. विचारलं तर वसकन अंगावर आला.

९ मार्च
लिहवत नाही. तरी लिहिते.
कारखान्याचे मॅनेजर मुलीला न्यायला शाळेत आले. मागोमाग कामावरून काढलेली शे-दोनशे माणसं. फाटक पाडलं. मॅनेजर धावत प्रयोगशाळेत घुसले. आत त्यांच्या मुलीसकट अठरा पोरं. बाईंनी दार लावलं. कडी पहिल्याच धडकेत तुटली. बाईंनी आणि मी खांदे लावले.
"बाहेर काढा त्याला! नाहीतर सगळे जळाल!"
मी ओरडत होते — "पोरं आहेत आत! पोरं आहेत रे!" दार ना इकडे, ना तिकडे.
मग एक जबर धक्का, आणि ते आत यायला लागलं. धाडकन नाही. हळूहळू, एकाच चालीने. माझ्या चपला फरशीवरून मागे घसरत होत्या. सगळा जोर लावूनही मी मागेच जात होते. तेव्हा पटलं. असं पटायला नको होतं.
फटीतून लोखंडी गज आला. बाईंच्या कानशिलावर. पुन्हा. पुन्हा. गरम रक्त माझ्या मानेवर उडालं. बाई खाली बसल्या, पण पाठ दाराला टेकवूनच.
मॅनेजरांनी मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या खिडकीतून उडी टाकली. बाहेर आरोळी उठली, "तो बघा!" दारावरचा जोर एकदम गेला. दार दणकन लागलं, त्यावर मी आपटले.
पोरांना दिसू नये म्हणून खिडकी अडवून उभी राहिले. आवाज कसा अडवणार? विटा. लाथा. मुलगी "पप्पा, पप्पा" करत होती. शेवटी तो आवाज माणसाचा वाटेना, आणि मग थांबला.

१० मार्च
बाई गेल्या. पहाटे.

१२ मार्च
शेजारीण म्हणते, "मॅनेजर तर मेलाच. मग दार धरून मिळवलंस काय?" पोरं अठरा होती. अठराही घरी गेली.

१३ मार्च
धाकटा जेवता जेवता म्हणाला, "ताई, आतून तू ओरडत होतीस. पहिल्याच हाकेला ओळखलं मी."
"मग?"
"मग काय. ढकलत राहिलो." आणि पुढचा घास घेतला.