तळ्याला जाण्याचं ॲप

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९
लेकीचं नोकरीचं पत्र आलं. २५ तारखेला, मंगळवारी, ती जाणार. गाव लांब आहे, गाडीने एक दिवस आणि वर अर्धा. चहा पिता पिता म्हणाली, बाबा, मी चौथीत असताना तू टेकडीमागचं तळं दाखवतो म्हणाला होतास, जायच्या आधी जाऊ या का. म्हटलं, विचारतेस काय, जाऊच. चार रविवार हातात आहेत. म्हणजे आजचा धरला तर. आजचा धरता येत नाही, कारण ॲप ठरलेलं नाही.

ती टेकडी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते, पण नेहमीच्या नकाशावर तिथे नुसता हिरवा डाग. वाट नाही, तळं नाही. डोंगरवाटांची वेगळी ॲप मिळतात. नीट पारखून एक घ्यायचं. पोरगी बरोबर असताना उचलला पाय आणि निघालो, असं मी करणार नाही.

संकल्प: बुधवारपर्यंत ॲप नक्की.

४ नोव्हेंबर, मंगळवार
तीन ॲप घेतली. नावं इंग्रजीत आहेत आणि सारखीच वाटतात, म्हणून मी हिरवं, नारिंगी आणि बकरीवालं म्हणतो. तिसऱ्याच्या चित्रात बकरी आहे.

तिन्हींना आपल्या घराची उंची विचारली. हिरवं म्हणतं ५६१ मीटर, नारिंगी ५७४, बकरीवालं ५४८. घर एकच, मजला तिसरा, खुर्ची तीच. बायको म्हणाली, आपण काय घराची उंची बघायला निघालोय का. तिला कसं समजावणार. गेली बावीस वर्षं मी वजनकाटे तपासतो. प्रमाणित वजन काट्यावर तीनदा ठेवायचं, तिन्ही वेळा आकडा सारखा आला तरच शिक्का. तेरा मीटरची चूक असलेल्या काट्यावर कोणी आपलं मूल ठेवेल का?

५ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ६
गच्चीवर चाचणी घेतली. पाण्याच्या टाकीभोवती सात फेऱ्या. हिरवं: ३१० मीटर. नारिंगी: ४०२. बकरीवाल्याच्या मते मी दोनदा शेजारच्या इमारतीत जाऊन आलो. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी बायकोला विचारलं म्हणे, घरी सगळं ठीक आहे ना.

मुदत शनिवारपर्यंत वाढवली. घाईत शिक्का मारला की पुढे पस्तावायची वेळ येते.

८ नोव्हेंबर, शनिवार
मेव्हणा आला. मनगटावर ताटाएवढं घड्याळ. म्हणाला, दाजी, कुठलंही ॲप घ्या, त्या टेकडीला हरवायला जागाच कुठे आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार. मी त्याला उंचीचे तीन आकडे दाखवले. तो हसला आणि लेकीकडे बघून त्याने भुवया उडवल्या. तीही हसली. मला काही दिसलंच नाही असं मी दाखवलं.

उद्या निघायचंच. तिन्ही ॲप घेऊन. तीन साक्षीदार असले की खोटं टिकत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.३०
सहाला फाटकापर्यंत पोचलो. बूट, पाणी, टोपी, शिट्टी, सगळं. मग लक्षात आलं की वर नेटवर्क नसतं, नकाशा आधी उतरवून घ्यावा लागतो. घेतला. म्हणजे घ्यायला लागलो. सात वाजता बारा टक्के. आठला एक्केचाळीस. लेक पायरीवर माझ्याशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शाळेतल्या गोष्टी सांगत होती. मी हूं हूं म्हणत होतो, डोळे टक्क्यांवर. साडेनऊला सत्त्याहत्तरवर गाडं अडलं, ते अडलंच. ऊन चढलं. वर आलो.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तांत्रिक विषयात मी वाद घालत नाही.

संकल्प: पुढचा रविवार काळ्या दगडावरची रेघ.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडे प्रमाणित वजन नव्हतं, हीच चूक. काटा तपासायला वजन माहीत असावं लागतं. अंतर तपासायला अंतर. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या फाटकापासून गोदामापर्यंत टेप लावून बरोबर पन्नास मीटर मोजले आणि फोन छातीशी धरून अकरा वेळा चाललो. बाराव्या वेळी साहेब खिडकीत दिसले. त्यांनी विचारलं, दवाखान्याचा लहान मुलांचा काटा तपासायचा राहिलाय, तो कधी. म्हटलं, क्षेत्रीय चाचणी चालू आहे. त्यांनी खिडकी लावून घेतली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
लोकांचे अभिप्राय वाचतोय. एक म्हणतो, या ॲपने माझा जीव वाचवला. त्याच ॲपबद्दल दुसरा म्हणतो, मला थेट ओढ्यात नेलं. दोघांनी पाच-पाच चांदण्या दिल्यात. माणसांवरचा माझा विश्वास उडत चाललाय. झोप नीट लागत नाही.

हिरव्याची सात दिवसांची फुकट मुदत आज चालू केली. २१ ला संपते. आपण १६ लाच जाणार, म्हणजे काळजी नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १
सकाळी सहाला एक विचार आला. न तपासलेली वाट पोरीला दाखवायची? आधी आपण जाऊन यावं, शिक्का मारावा, मग तिला न्यावं. ती झोपली होती. हळूच निघालो.

तिन्ही ॲपनी वाटेची तीन तोंडं दाखवली. मी मधलं घेतलं, म्हणजे सरासरी. सरासरीने मला सिमेंटच्या पाइपांच्या गोदामात नेलं. पहारेकऱ्याने फाटक उघडलं आणि विचारलं, माल न्यायला आलात का, गाडी कुठाय. त्याला तळं विचारायला हवं होतं हे आता सुचतंय. फोनमध्ये नऊ टक्के उरले. रिक्षाने परतलो.

लेक बूट घालून दारातच बसली होती. म्हणाली, मला वाटलं तू खाली थांबलायस, तीन वेळा खाली जाऊन बघितलं. मी चाचणीचं महत्त्व सांगितलं. तिने बूट काढले. लेस सोडवायला तिला फार वेळ लागला. मला वाईट वाटलं. अजून वाटतंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार
तुलनेचा तक्ता पूर्ण. तीन ओळी, चौदा रकाने: उंची, अंतर, बॅटरी, नकाशा उतरवण्याचा वेग, उन्हात दिसतं का, ओल्या बोटाने चालतं का, वगैरे. जेवणाच्या टेबलावर ठेवून हात धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर पेनाने पंधरावा रकाना आखलेला. अक्षर बायकोचं. वर लिहिलंय, 'लेक कधी जाणार'. खाली तिन्ही ओळींत '२५'.

या रकान्याने निवडीला काहीच मदत होत नाही. तरी खोडला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
ठरलं. हिरवं. लेकीला सांगितलं, ती छान म्हणाली. मी तिला कारणंही सांगितली. चौथ्या कारणाला ती सामान भरायला उठून गेली.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१०
पाचलाच उठलो. सगळं तयार. हिरवं उघडलं तर म्हणे मुदत संपली. पासवर्ड मागितला. दिला. चुकला. नवा केला. मग ते स्वतःला अपडेट करायला लागलं. लेक दोनदा डोकावली. म्हटलं, दोन मिनिटं. बायको डोकावली. तिलाही तेच सांगितलं.

आत्ता बाहेर आलो. दोघींचे बूट नाहीत. टेबलावर, तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला, लेकीचं अक्षर: बाबा, तुझं चालू दे, आम्ही पुढे होतो. तू ये.

लगेच निघतो. फक्त नकाशा उतरू दे. चौसष्ट टक्के.

दुपारी १२.३०
आल्या. लाल तोंडं, बूट चिखलाने भरलेले, दोघी हसतायत. वाट कशी सापडली विचारलं. गावच्या पाण्याच्या टाकीमागून सुरू होते, दगडांवर पांढरे पट्टे मारलेत, शंका आली तिथे कुंपण दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारलं. झालं.

लेकीने मला आवडेल म्हणून आपल्या फोनवर बकरीवालं चालू ठेवलं होतं. त्यात सगळी चाल उमटलीय, ती पाठवली. उघडली. साडेतीन किलोमीटरची एक रेघ. मधे एकही फाटा नाही. हरवायचं म्हटलं तरी हरवता येणार नाही. मेव्हण्याला हे कळता कामा नये.

पण दोष सापडलाच. वर, तळ्याच्या अलीकडे, रेघेचा गुंता झालाय, तिथल्या तिथे फेऱ्याच फेऱ्या. लगेच तक्त्यात नोंदवलं आणि लेकीला दाखवलं, बघ, इथे तुझं बकरीवालं भरकटलं. ती म्हणाली, नाही बाबा, ते बरोबर आहे. तिथून खालची सगळी वाट दिसते. आम्ही पाऊण तास तुझी वाट बघत होतो.

नोंद खोडली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
गेली. गाडी सुटताना खिडकीतून हात बाहेर काढून माझा फोन मागितला, काहीतरी दाबलं आणि परत दिला. आता ती कुठे आहे ते नकाशावर दिसतं. निळा ठिपका. नेहमीचंच साधं ॲप. दिवसभर बघतोय. चुकत नाही.

साहेबांनी विचारलं, डोळ्यांना काय झालंय. म्हटलं, दवाखान्याचा काटा आजच तपासतो. तपासला. तीनदा सारखा आला. शिक्का मारला.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.२०
ठिपका १,१२० किलोमीटरवर. हलत नाही, म्हणजे खोलीवर असणार. फोन आला होता. म्हणाली, खिडकीतून टेकडी दिसत नाही, चुकल्या-चुकल्यासारखं होतं. दोघं १४ तारखेच्या रविवारी या. म्हटलं, विचारतेस काय, येऊच.

तिकिटाची तीन ॲप घेतली. पोचायच्या वेळा तिन्हींत वेगळ्या.

४.४०
बायकोचा फोन, तिकीट खिडकीवरून. बाजारात गेली होती ती तशीच स्टेशनवर गेली. रांगेत तिच्यापुढे एकच माणूस आहे. विचारते, सकाळची गाडी आहे, दोन काढू ना. म्हटलं, सकाळचीच का? दुपारचीही आहे, तिसरं ॲप तर संध्याकाळची दाखवतं, दोन मिनिटं थांब. मागून लोकांची कुरकुर ऐकू आली. खिडकी पाचला बंद होते. रकाने आखून झालेत, नऊच ठेवलेत.

५.२५
बायको आली. टेबलावर तिकीट ठेवलं आणि चहाचं आधण ठेवायला गेली. सकाळचीच गाडी आहे. तिकीट एकच आहे.

तिला म्हटलं, तू पुढे हो.